पगार विचारणारी बाई

माझं नाव रत्ना. गाव सोलापूर. आता वेम्बलीच म्हणायला पाहिजे, निम्म्याहून जास्त आयुष्य इथं गेलं, पण कुणी विचारलं की तोंडातून सोलापूरच येतं, त्याला मी काय करू. आणि आधीच सांगते, मला सरळ बोलायची सवय हाय. तुम्हाला लिहिताना खटकलं तर खटकू द्या, पण गुळगुळीत करू नका. इथं सगळंच गुळगुळीत बोलतात, नोकरीवरून काढताना पण वर थँक यू म्हणतात.

आमची आई बिड्या वळायची. वडील गिरणीत होते, गिरणीला टाळं लागलं तसे ते घरी बसले ते बसलेच, आणि घर चाललं ते आईच्या बोटांवर. आम्ही तिघी बहिणी शाळेतून आलो की ओल्या फडक्यातली पानं घेऊन कापायला बसायचो, कात्री चालवत चालवत पाढे म्हणायचो. मग आईबरोबर टोपली घेऊन कारखान्यात जायचं. तिथं एक चेकर बसायचा. तो बिड्या हातात घेऊन बघायचा, ही सैल हाय, ही वाकडी हाय, असं म्हणून बाजूला काढायचा, त्याला छाट म्हणायचे. आता छाटलेल्या बिडीचे पैसे न्हाईत हे एक वेळ समजू, पण ती बिडी परत पण मिळायची न्हाई हो, ती त्याच्याच टोपलीत. म्हणजे बिडी वाईट, पण त्यांच्या टोपलीत गेली की चांगली. म्हणून बायका काय करायच्या, दारातून बाहेर पडली की पहिला प्रश्न, तुझी किती छाट गेली गं? सगळ्या एकमेकींना सांगायच्या, लाजबीज काही न्हाई, आणि त्यातूनच कळायचं आज चेकरनं कुणावर राग काढलाय ते, मग दुसऱ्या दिवशी त्या बाईच्या मागं चौघीजणी उभ्या राहायच्या, की दाखव आम्हाला पण कुठली वाकडी हाय. आई म्हणायची, विचारायला लाजलं की उपाशी राहावं लागतं. हे माझं शिक्षण. बाकी दहावी नापास.

तर पगार विचारायची सवय तिथली. आमच्या गल्लीत नवीन माणूस आला की तीन गोष्टी विचारायच्या, गाव कुठलं, पोरं किती, पगार किती. त्यात वाईट काय? माणसाचं कसं चाललंय ते कळायला नको? आमचे हे मला बघायला आले, हे लहानपणापासून लंडनला मामाकडे, बसच्या गॅरेजात कामाला, अगदी सूटबूट घालून आलेले, आणि पोहे देता देता मीच विचारलं, पगार किती तुमचा? आत्यानं मागून चिमटा काढला. पण यांनी सांगितलं बरं का, सरळ, एकदम, वर म्हणाले त्यातले इतके मामाला जातात. मी तवाच ठरवलं, हा माणूस चालेल, लपवाछपवीतला न्हाई.

इथं आले आणि पहिल्याच आठवड्यात घोटाळा केला. शेजारी एक म्हातारी इंग्लिश बाई राहायची, तिनं केक आणून दिला, मी तिला घरात बसवलं, चहा दिला, आणि मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं, हसबंड, हाऊ मच सॅलरी? बाईचा कप हातातच राहिला. हे रात्री मला समजावत बसले, रत्ना, इथं हवा कशी हाय विचारायचं, कुत्र्याची तब्येत विचारायची, पगार न्हाई विचारायचा. मी म्हटलं, का? ते म्हणाले, तसंच असतं. काय सांगू तुम्हाला, या देशातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला तसंच असतं अशीच मिळालीत.

पोरगा शाळेत जायला लागला तशी मी सँडविचच्या फॅक्टरीत लागले. नाव नका विचारू, नाव मी घेणार न्हाई, केस चालू हाय. बसनं अर्धा तास. तिथं काय करायचं, तर बेल्टवरनं ब्रेड येतो, एकीनं बटर लावायचं, पुढचीनं चीज, पुढचीनं काकडी, मग झाकायचं, कापायचं, डबीत घालायचं, लेबल लावायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? तिथं फ्रिजमध्ये असते तेवढी थंडी असते, कारण माल खराब व्हायला नको. माल खराब व्हायला नको, बाई झाली तर चालते. दोन दोन स्वेटर, वर पांढरा कोट, केसांना जाळी, आणि हातमोज्यात बोटं अशी होतात की घरी येऊन कणीक मळताना कळत न्हाई पाणी गरम हाय का गार. आणि बेल्ट थांबत न्हाई. खोकला आला तरी खोकत खोकत काकडी ठेवायची. वर जबाबदारी बगा, एखाद्या डबीवर लेबल चुकीचं गेलं, कुणाला शेंगदाणा चालत न्हाई आणि त्यानं तो खाल्ला, तर माणूस जातो. खरंच जातो. ते आमच्या डोक्यावर.

आमच्या लायनीत सगळ्या बायका. माझ्या एका बाजूला हंसाबेन, जामनगरची, नवरा लवकर गेला, दोन मुली तिनं एकटीनं वाढवल्या. दुसऱ्या बाजूला इरिना, रुमेनियाची, उंच, गोरी, तोंडानं फटकळ, म्हणून माझं तिच्याशी जमायचं. हंसाबेनशी मी हिंदीत बोलायची, ती गुजरातीत उत्तर द्यायची, आणि इरिना आमच्यात बसून बसून निम्मं समजायला लागली. मी दोघींचा पगार पहिल्या दिवशीच विचारला होता, दोघींनी सांगितला, तिघींचा सारखाच. मग लायनीत जी नवी येईल तिला मी विचारायची. माझं नावच पडलं तिथं, सॅलरी आँटी. पडू दे.

पुरुषांना मात्र मी कधी विचारलं नव्हतं. पुरुष सगळे डिस्पॅचला, म्हणजे मागच्या दाराला, जिथून सँडविचचे क्रेट व्हॅनमध्ये चढवतात. त्यांच्यातला एक टेरी, इंग्लिश, पन्नाशीचा, चांगला माणूस, मी अजूनही चांगलाच म्हणते. कँटीनमध्ये आमच्या टेबलाला यायचा कारण मी भाकरवडी आणायची. माझ्यानंतर चार-पाच वर्षांनी लागलेला. एक दिवस तो आपल्या घराच्या भाड्याबद्दल कुरकुरत होता, परवडत न्हाई, परवडत न्हाई, आणि माझ्या तोंडून सहज निघालं, टेरी, पगार किती रे तुझा? त्याला चहाचा ठसका लागला. लाल झाला. मग इकडं तिकडं बघितलं आणि, काय गंमत हाय बगा, सांगितला. डॉक्टरला दुखणं सांगावं तसा हळूच सांगितला. मला वाटतं जन्मात त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आमच्याहून तासाला दीड पौंड जास्त.

मला वाईट न्हाई वाटलं, मला राग आला. वाईट वाटणं वेगळं, त्यात माणूस आपल्याच घरात जाऊन रडतो. मला टेबल उलथवावंसं वाटलं. मी म्हटलं, टेरी, का रे? तो म्हणाला, आम्ही वजन उचलतो. मी म्हटलं, आणि ब्रेडचे ट्रे लायनीवर कोण आणतं, तुझी आई? चीजच्या लाद्या कोण उचलतं? तो म्हणाला, आम्ही बाहेर पावसात असतो. मी म्हटलं, आम्ही फ्रिजमध्ये असतो, पाऊस तरी थांबतो. तो बिचारा म्हणाला, मी थोडाच ठरवला पगार. ते खरं होतं. त्यानं न्हाई ठरवला.

मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. आणि मला वाटलं होतं सगळ्या पेटून उठतील. कुठलं काय! हंसाबेन म्हणाली, जाऊ दे ना रत्नाबेन, पुरुषमाणूस हाय, घर चालवायचं असतं त्यांना. मी म्हटलं, आणि तुझं घर कोण चालवतं गं, शेजारचा? इरिना तर माझ्यावरच चिडली, म्हणाली, कशाला सांगितलंस मला, काल मी खूश होते. मी म्हटलं, काल पण तुला कमीच मिळत होतं बाई, फक्त माहीत नव्हतं. ती म्हणाली, तेच तर, माहीत नव्हतं तेच बरं होतं. आठवडाभर माझ्याशी बोलली न्हाई. एक जण म्हणाली, आपण इंग्लिश बोलत न्हाई नीट, म्हणून असेल. दुसरी म्हणाली, निदान मिळतं तरी, गावाकडं काय होतं? बगा, ज्याला कमी मिळतं तोच त्याची कारणं शोधून देतो. मालकाला काही करावंच लागत न्हाई.

घरी सांगितलं तर पोरगा हसला. नितीन आमचा, वॉटफर्डला राहतो, बँकेत मोठ्या हुद्द्यावर हाय, तो म्हणाला, आई, इट्स द मार्केट, तुझ्या जागी दुसरी माणसं किती लवकर मिळतात त्यावर रेट ठरतो, त्यात फेअर-अनफेअर काही नसतं. मी म्हटलं, बरं, मग तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो त्याला किती? तो म्हणाला, आय डोन्ट नो, कोणी विचारत न्हाई. म्हटलं, मग तुला कमी देतात का जास्त ते तरी तुला माहीत हाय का? एवढा शिकलास आणि डोळे मिटून जेवतोस. सूनबाई तोंड फिरवून हसली. आणि मी त्याला सांगितलं, बाळा, लग्नात एका पंगतीत बसवलं आणि एकाला जिलबी, एकाला नुसता भात वाढला, तर त्याला आपल्यात पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि पाप म्हणतात. भाताची अडचण नसते, भातानं पोट भरतंच. शेजारच्या ताटात काय पडलं ते दिसतं ना, ते लागतं. वाढणारा तुला खालचा समजतो ते लागतं. माझं पोट भरत न्हाई असं मी कधीच म्हटलं न्हाई. मला भिकारीण समजू नका.

मग मी काय केलं, विचारतच सुटले. डिस्पॅचचा प्रत्येक पुरुष गाठला. कुणी सांगितला, कुणी न्हाई सांगितला, जो न्हाई सांगायचा त्याच्या तोंडावरनं कळायचं. साहेबाच्या कानावर गेलंच. ग्रॅहम नाव त्याचं, म्हणजे आपण ग्रॅहम म्हणू. बोलावलं, बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाला, रत्ना, तू लोकांना अनकम्फर्टेबल करतेस, पगार ही प्रायव्हेट गोष्ट हाय, कंपनीची पॉलिसी हाय. मी म्हटलं, सर, सारखं देत असाल तर लपवायचं कशाला, उघडं ठेवा. तो म्हणाला, कामं वेगळी आहेत. मी म्हटलं, मग कुठलं जड, कुठलं हलकं, हे कुणी बसून मोजलं का? एक दिवस तुम्ही लायनीवर उभे राहा, एक दिवस मागच्या दाराला, मग सांगा. आणि बोलता बोलता सवयीनं निघून गेलं, सर, तुमचा किती? काय सांगू तुम्हाला, त्या माणसाची टाय सुद्धा लाल झाली.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. या वेळी चहा, बिस्किटं. म्हणाला, तुझी इतकी वर्षं झाली, आम्ही तुला लाइन लीडर करतोय. पगार वाढणार, पुरुषांच्या वर जाणार, एक पाऊल वरच. फक्त हे आपल्या दोघांत राहू दे. आता तुम्ही म्हणाल बाई मोठी तत्त्वाची, लगेच लाथ मारली असेल. न्हाई हो. मला आनंद झाला. गुडघे दुखतात माझे, लीडरला खुर्ची असते, आणि इतक्या वर्षांनी कुणी म्हटलं तुझी किंमत हाय. मी मनात म्हटलं, चला, आपलं तर झालं. थँक यू म्हणून बाहेर आले. त्याला वाटलं सुंठीवाचून खोकला गेला.

बाहेर आले तर कँटीनमध्ये सगळ्या बसलेल्या, हंसाबेननं विचारलं, शू थयु, काय म्हणाला? आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, मी सांगून टाकलं. सगळं. आकड्यासकट. मी काही ठरवून न्हाई सांगितलं, मला क्रांती करायची नव्हती, खोटं कशाला बोलू, मला पगार विचारल्यावर न सांगणं जमतच न्हाई, हात-पाय आपोआप हलतात तसं ते आपोआप बाहेर येतं. हिंदीत सांगितलं, मग बाकीच्यांना इंग्लिशमध्ये. आणि इरिना, जी म्हणत होती माहीत नव्हतं तेच बरं, ती उठून उभी राहिली, म्हणाली, म्हणजे त्यांच्याकडे पैसे आहेत. बस, एवढंच बोलली. इतकी वर्षं आम्हाला सांगत होते बजेट न्हाई, मार्जिन न्हाई, मार्केट वाईट हाय. आणि एका बाईचं तोंड बंद करायचं म्हटलं, तर पैसे निघाले की पटकन!

दुसऱ्या दिवशी ग्रॅहम म्हणाला, लाइन लीडरच्या पोस्टचा आम्ही पुन्हा विचार करतोय. आणि मला कांद्याच्या खोलीत टाकलं. दिवसभर कांदा चिरायचा. त्यांना वाटलं ही रडेल. मी म्हटलं, कांद्यानं रडायला मी काय आज पहिल्यांदा कांदा बघितला?

मग युनियनची बाई आली. तिनं सांगितलं की पगाराबद्दल एकमेकींना विचारलं म्हणून कुणी तुम्हाला शिक्षा करू शकत न्हाई, बायकांना कमी मिळतंय का हे शोधायला विचारायचा हक्क कायद्यानंच हाय. मी म्हटलं, बघा, मी जन्मभर कायदाच पाळत होते! लायनीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी नावं दिली. हंसाबेननं पण दिलं. केस ट्रिब्युनलला गेली.

डिस्पॅचच्या पुरुषांमध्ये कुणी तरी पुडी सोडून दिली की बायका जिंकल्या तर तुमची वाढ बंद. टेरीनं आमच्या टेबलाला यायचं सोडलं. मी गेले त्याच्याकडे, भाकरवडी घेऊन गेले, म्हटलं, तुझ्या ताटातलं मी मागत न्हाई रे, वाढणाऱ्याकडे मागतेय. तो म्हणाला, वाढणारा तुला देऊन माझंच कमी करणार, तुला काय माहीत न्हाई का. मी म्हटलं, मग तू पण आमच्याबरोबर उभा राहा. त्यानं डबा हातानं बाजूला सरकवला. लागलं मला ते. पण युनियनच्या बाईनं त्याला विचारलं, तुझं काम काय, पगार किती, उचलायचं वजन किती, तर त्यानं एक शब्द खोटा न्हाई सांगितला. अजून माझ्याशी नीट बोलत न्हाई. पण खोटं न्हाई बोलला.

केस म्हणजे काय, थांबणं. तारीख पुढं, मग आणखी पुढं. आणि मग कंपनीनं डोकं लावलं. एकेकीला वेगळं वेगळं सांगितलं, की आम्ही मान्य काही करत न्हाई, पण एवढे एवढे पैसे घ्या आणि केस मिटवा. एकच अट. किती मिळाले ते कुणाला सांगायचं न्हाई. बाहेर न्हाई, घरी नवऱ्याला तेवढं चालेल, पण एकमेकींना अजिबात न्हाई.

आता विचार करा, काय अट हाय ती! भांडण कशाचं होतं? एकमेकींना माहीत नव्हतं याचंच. आणि मिटवायचं कशानं, तर पुन्हा माहीत होऊ द्यायचं न्हाई!

पण सह्या झाल्या. इरिनानं केली, तिला मुलाला इकडं आणायचंय. एकेक करत सगळ्यांनी केल्या. हंसाबेनच्या छतातून पाणी गळतंय दोन हिवाळे, तिनं पण केली. मी कुणाला नावं ठेवत न्हाई, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. राहिले मी एकटी.

घरात आमचे हे, कधी आवाज चढवत न्हाईत, ते पण म्हणाले, रत्ना, जन्मभर विचारत आलीस, आता एकदा गप्प बस. सही कर, नोकरी सोड, गुडघ्यांना आराम दे, नातवाला शाळेतून आणायला जाऊ आपण दोघं. मला ते सगळं पाहिजे हो. मला का नको? मी काय लोखंडाची हाय? रात्रभर विचार केला आणि सकाळी कंपनीच्या आणि आमच्या मधे बोलणी करणारी जी बाई होती तिला फोनवर सांगितलं, मी कमी पैसे घेते. बाकीच्यांपेक्षा कमी द्या, चालेल मला. फक्त ती एक ओळ काढा. तिनं विचारून सांगते म्हटलं. आणि उत्तर काय आलं? न्हाई. पैसे हवे तर थोडे वाढवतो, ओळ निघणार न्हाई. म्हणजे बगा, त्यांना पैसे महाग न्हाईत, माझं तोंड महाग हाय! मी म्हटलं, मग ते विकायचं न्हाई. यांना सांगितलं, पैसे गेले तर तुम्ही मला बोला, हवं तेवढं बोला. यांनी चहा केला स्वतः आणि माझ्यापुढं ठेवला. आमचं लग्न असं हाय.

खरं सांगू, पैशापेक्षा मला दुसरंच जास्त लागलं. हंसाबेन आणि मी इतकी वर्षं एका बसनं येतो-जातो. तिच्या नवऱ्याचं दुखणं, माझी सासू, मुलींची लग्नं, कुठली गोष्ट आम्ही त्या बसमध्ये बोललो न्हाई असं न्हाई. सही केल्यापासून ती भेंडीबद्दल बोलायला लागली. भेंडी महाग झाली, भेंडी कोवळी न्हाई. माझ्याकडे बघायची न्हाई, खिडकीतून बाहेर बघायची. पैसे दिले ते दिले, पण माझी मैत्रीण पण विकत घेतली की त्यांनी, तेवढ्याच पैशात.

परवा ईलिंग रोडला भाजीच्या दुकानात दिसली. मी म्हटलं, केम छो, आणि पुढं निघाले, कशाला तिला अवघड करा. तर मागनं आली, माझा दंड धरला, कोथिंबिरीच्या ढिगामागं नेलं मला, आणि कानात आकडा सांगितला. नुसता आकडा. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, रत्नाबेन, पोटात ठेवून ठेवून मला जेवण जाईना.

किती ते मी सांगणार न्हाई. तुम्ही कितीही विचारा. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा आकडा मी पोटात ठेवलाय. आणि लिहाल तिथं ध्यानात ठेवा, हंसाबेन तिचं नाव न्हाई, मी ठेवलंय, गाव पण मी ठेवलंय, कुणी शोधायला निघालं तर शोधत बसू दे.

मी अजून कामावर जाते. कांद्याच्या खोलीतच हाय. माझी सुनावणी व्हायचीय. वकील म्हणतो एकटीची केस कठीण जाते, कदाचित काहीच मिळणार न्हाई, नितीन म्हणतो आई हट्ट सोड. ज्यांनी सह्या केल्या त्यांना ते पैसे लाभू देत, छत नीट होऊ दे, इरिनाचं पोर आईजवळ येऊ दे, मी मनापासून म्हणते. पण मी सही करणार न्हाई. शून्य मिळालं तर शून्य सांगेन, मिळालं तर जेवढं मिळेल तेवढं सांगेन, बसमध्ये सांगेन, कँटीनमध्ये सांगेन, टेरीला बोलावून सांगेन. कुणीतरी एकीनं तरी उघड सांगायला पाहिजे ना. त्याशिवाय हंसाबेनला कसं कळणार, की तिच्या हातात पैसे ठेवले ते बरोबर ठेवले, का या वेळी पण कमीच दिले.